बसा म्हणायला काय जातं?

साडीच्या दुकानात ज्याला रंगातलं, काठातलं, पदरातलं काही म्हणजे काही कळत नाही असा एकच इसम येतो. बाईंचा नवरा. त्याला आल्याआल्या स्टूल मिळतं, मागोमाग चहा. साड्यांचा ढीग उलगडून पुन्हा घड्या घालणारी मुलगी मात्र शटर उघडल्यापासून उभी.

तिला कोणी बसा म्हणत नाही.

संध्याकाळी तिच्या पोटऱ्या ठणकतात, घोट्यांवर सूज येते. घरी जाताना लोकलमध्येही उभीच. मग मोबाइलवर उपाय सापडतो: कॉम्प्रेशन सॉक्स. म्हणजे दुखणं दुकानाने द्यायचं आणि मोजे तिने पगारातून घ्यायचे.

मोज्यांशी आपलं भांडण नाही. माणूस स्तब्ध उभा राहिला की घोट्याजवळच्या शिरेतला दाब पाऱ्याच्या ८०-९० मिलिमीटरपर्यंत चढतो. तोच चालू लागला की पोटरीचे स्नायू शिरा पिळतात, आतल्या झडपा रक्त खाली येऊ देत नाहीत आणि दाब ३०च्या खाली येतो. पायांचं वैर आहे ते न हलता उभं राहण्याशी.

आणि मॉलच्या सिक्युरिटी गार्डला पहिल्याच दिवशी काय सांगतात? हलायचं नाही.

अमेरिकेत टोलेडो गावी कॉनराड जोब्स्ट नावाचा इंजिनिअर होता. त्याचे स्वतःचे पाय शिरांच्या दुखण्याने बेजार. पोहण्याच्या तलावात उभं राहिलं की मात्र बरं वाटायचं. का? पाणी जितकं खोल तितका त्याचा दाब जास्त. साहेबांनी १९५०च्या सुमारास तोच हिशेब मोज्यात विणला: घोट्याशी घट्ट, वर जाल तसा सैल. तलाव पायात घालून कामावर जायचं!

त्याने मोजून मापून बनवलं. आपण अंदाजाने घेतो.

‘मीडियम द्या’ म्हणून हे मोजे घ्यायचे नसतात. घोटा आणि पोटरी टेपने मोजायची, तीही सकाळी, सूज चढायच्या आधी. रोजच्या उभ्या कामाला १५ ते २० मिलिमीटर दाबाचे बहुतेकांना पुरतात. त्याच्या वरचे डॉक्टरांना विचारून. सैल निघाले तर नुसतेच मोजे. मोठे निघाले म्हणून वरची कड दुमडली तर तिथेच फास बसतो, आणि जे रक्त वर जायला हवं ते खालीच अडतं. पैसे देऊन सूज विकत घेणं यालाच म्हणत असावेत.

मे महिन्यात ते नायलॉन दिवसभर पायात ठेवणं हा आणखी वेगळा पराक्रम.

मधुमेही आणि वर्षानुवर्षं सिगारेट ओढणाऱ्यांनी तर दुकानाआधी दवाखाना गाठावा. पायाच्या रोहिण्या आधीच अरुंद झाल्या असतील तर वरून आवळणं म्हणजे दुष्काळात नळ बंद करणं. आणि एकच पाय अचानक सुजला, दुखायला लागला, तर मोजा नको, बाम नको, काकूंचा सल्ला तर नकोच. शिरेत गुठळी झालेली असू शकते. थेट डॉक्टर.

बाकी आपल्याकडे उपायांना तोटा कुठे आहे? काशाची वाटी आजीच्या हातातून सुटली आणि प्रदर्शनातल्या स्टॉलवर मशीन होऊन फिरू लागली. पाय ठेवा, तळवे काळे झाले की विक्रेता विजयी मुद्रेने सांगतो, बघा, शरीरातलं विष बाहेर आलं. अहो, तेला-तुपाची काशातल्या तांब्याशी घासाघीस झाली की काळं होतंच. विष असतं तर वाटीलाच आधी दवाखान्यात न्यावं लागलं असतं.

पण एक कबूल करू. त्या मशीनवर माणसाला खुर्चीत बसायला मिळतं. अर्धा गुण त्याचाच असावा.

मालकांचं म्हणणं ठरलेलं: बसलेला सेल्समन आळशी दिसतो, गिऱ्हाइकाचा अपमान होतो. हे ते गल्ल्यावर बसून सांगतात.

आणि गिऱ्हाइकाचा अपमान कधीपासून व्हायला लागला? जुन्या कापडदुकानात पांढरी गादी असायची. विकणारा मांडी घालून बसे, घेणारीही बसे, मध्ये साड्यांचा डोंगर. त्या गाद्यांवर कित्येक लग्नांचे बस्ते बांधले गेले. काउंटर आला, काच आली, एसी आला आणि मांडी तेवढी गेली. जर्मनीत सुपरमार्केटचा कॅशियर बसून बिल करतो. तिथला कोणी ग्राहक अपमानाने मूर्च्छित पडल्याचं ऐकिवात नाही.

कारखान्यांचा कायदा १९४८चा. उभ्याने काम करणाऱ्यांना बसायची सोय हवी, हे त्याच्या ४४व्या कलमात तेव्हाच लिहून झालं. लेथ चालवणाऱ्याला पाय असतात हे सरकारला ठाऊक होतं. साडी दाखवणारीला असतात हे कळायला कोळिकोडच्या बायकांना रस्त्यावर यावं लागलं. शिवणकाम करणाऱ्या पी. विजी आणि त्यांची ‘पेण्कूट्ट’ संघटना आधी दुकानांत स्वच्छतागृहं मागत होती, मग बसायला जागा. २०१८मध्ये केरळने दुकानांच्या कायद्यात बसण्याचा हक्क घातला. २०२१मध्ये तमिळनाडूने. बसता यावं म्हणून कायदा करावा लागतो, एवढी आपली माणुसकी ताठ आहे.

महाराष्ट्रात काय? कुठल्याही शोरूममध्ये जा आणि काउंटरच्या अलीकडची आसनं मोजा. मग पलीकडची मोजा. पलीकडे फार वेळ लागणार नाही.

आणि खुर्ची ठेवली म्हणजे झालं असंही नाही. तिच्यावर माल रचून ठेवायची कला आपल्याला अवगत आहे.

तोवर उभ्या मंडळींनी एवढं करावं: पायाखाली वीतभर उंचीचा पाट ठेवून आलटून पालटून एकेक पाय वर घ्यावा, मध्येच टाचा उचलाव्यात, चार पावलं टाकावीत. मोजे सकाळी चढवावेत, रात्री काढावेत, आणि घरी गेल्यावर पाय उशीवर घेऊन आडवं व्हावं. कुकरच्या शिट्ट्या दुसऱ्या कोणालाही मोजता येतात.

आणि मालकलोकहो, दिवाळीला स्टाफला मिठाईचा पुडा देता, यंदा स्टूल द्या. इंग्लंडच्या पार्लमेंटने दुकानात काम करणाऱ्या तिघी बायकांमागे एक आसन ठेवायची सक्ती केली, ते साल होतं १८९९. सव्वाशे वर्षं उलटून गेली आहेत. तुम्ही निदान दोघींत एक ठेवा.