तेरा फुटी भिंत

आपल्या खासगी माहितीचे काय होणार, या काळजीने ज्यांना झोप लागत नाही त्यांनी निर्धास्त झोपावे. आधारची माहिती तेरा फूट उंच आणि पाच फूट जाड भिंतींआड आहे, असे मार्च २०१८मध्ये ॲटर्नी जनरल के. के. वेणुगोपाल यांनी सर्वोच्च न्यायालयात सांगून ठेवले आहे. म्हणजे चोर शिडी आणि पहार घेऊन आला, तर त्याची खैर नाही. देवगिरीचे तटही भक्कमच होते म्हणा. आत धान्याऐवजी मिठाची पोती निघाली, एवढेच.

त्याआधी दोनच महिने ‘द ट्रिब्यून’च्या वार्ताहराने पाचशे रुपये मोजून दहा मिनिटांत आधारधारकांचे नाव-पत्ते पाहण्याची सोय मिळवली होती. आधार प्राधिकरणाने माहिती फुटल्याचे नाकारले आणि पोलिसांत तक्रार केली. गुन्ह्यात वार्ताहराचेही नाव आले. बरोबरच आहे. भोक कुणी पाडले ते सावकाश बघू; पाहिले कुणी, हे आधी नोंदवायला नको?

मग जुलैत दूरसंचार नियामक ‘ट्राय’चे तेव्हाचे अध्यक्ष आर. एस. शर्मा यांनी स्वतःचा आधार क्रमांक ट्विटरवर टाकून, करा काय नुकसान करायचे ते, असे आव्हान दिले. काही तासांत लोकांनी त्यांचा मोबाइल, पत्ता, जन्मतारीख शोधून हजर केली. एकाने तर त्यांच्या खात्यात एक रुपया भरला. नुकसान कसले, फायदाच झाला! आधार प्राधिकरणाने मात्र इतरांना असला फायदा करून घेऊ नका, असे बजावले.

तसा क्रमांक ट्विटरवर टाकायची आपल्याला गरजच काय? कोपऱ्यावर झेरॉक्सवाला आहे. त्याच्या भिंतीवर व्हॉट्सॲप नंबर लिहिलेला असतो, त्यावर आपण आधारची पीडीएफ पाठवतो आणि तो विचारतो, “काका, यातलं तुमचं कुठलं?” पडद्यावर अख्खी पेठ फोटोसह ओळीने उभी. आपण बोट दाखवतो, दोन प्रती घेतो, दहा रुपये देतो. फाइल तिथेच राहते. ती पुसा म्हणणारे गिऱ्हाईक अजून जन्माला यायचे आहे. पुढे एक प्रत लॉजवाल्याच्या खणात, एक घरमालकाकडे.

मे २०२२मध्ये प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाला हे एकदा खटकले. आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, असे पत्रक निघाले. दोनच दिवसांत सरकारने ते मागे घेतले. लोकांनी नेहमीची खबरदारी घ्यावी म्हणे. आपली नेहमीची खबरदारी म्हणजे झेरॉक्सवर आडवी सही.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे नऊ न्यायमूर्तींनी २०१७मध्ये एकमताने सांगितले. त्यासाठीचा कायदा २०२३मध्ये आला. त्यात सरकारला आपल्या यंत्रणांना सूट देता येते आणि खोटी तक्रार करणाऱ्या नागरिकाला दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. जाता जाता माहितीच्या अधिकारालाही कात्री लागली: कुणाचीही वैयक्तिक माहिती व्यापक जनहितासाठी देता येईल, हे त्यातल्या वैयक्तिक माहितीच्या कलमातले वाक्यच गेले. नोव्हेंबर २०२५मध्ये नियम आले. तुमची-आमची माहिती सांभाळायला कंपन्यांना अठरा महिन्यांची मुदत मिळाली. माहिती अधिकारातली कात्री मात्र लगेच चालू झाली.