खुर्च्या नसलेलं विमान

लग्नाच्या हॉलमध्ये पायलट म्हणून माझा भाव जेमतेम दीड मिनिट टिकतो. मग कुणीतरी विचारतंच, ‘कुठल्या एअरलाइनला?’ मी सांगतो, मालवाहू विमान चालवतो, रात्रीचं.

‘म्हणजे प्रवासी नसतातच?’

‘नाही.’

‘आणि एअर होस्टेस?’

‘त्याही नाहीत.’

इथे समोरचा गृहस्थ मठ्ठ्याकडे वळतो. एका लांबच्या काकूंनी तर पाठीवरून हात फिरवला होता. ‘होईल रे, लागशील तूही कुठेतरी चांगल्या ठिकाणी.’ मी कॅप्टन होऊन बराच काळ लोटला होता, पण खांद्यावरच्या चार पट्ट्या घरी कपाटात होत्या. लग्नाला गणवेश घालून जाणं बरं दिसत नाही.

आमच्या गोतावळ्यात माझी किंमत ओळखणारा माणूस एकच, भुसावळचे मामा. ते मालगाडीवर गार्ड होते. ‘प्रवाशांच्या तिकिटावर रेल्वे चालली असती तर कधीच भंगारात गेली असती,’ ते भर पंगतीत सांगतात. ‘कोळसा आणि सिमेंट पोसतं तिला. आणि कोळसा कधी विचारत नाही, गाडी का थांबली?’ मामांचं हे वाक्य मला लॅमिनेट करून कॉकपिटमध्ये लावायचं होतं, पण तिथे प्रत्येक कागदाला मंजुरी लागते.

माझं विमान एटीआर 72. पूर्वी ते माणसं न्यायचं. पुढे त्याच्या खुर्च्या निघाल्या, पुढच्या बाजूला मोठा दरवाजा बसला आणि त्याला मालावर लावलं. साधारण आठ टन माल पोटात घेतं. माल आणि मी यांच्यामध्ये असते एक जाळी. विमान अचानक थांबलं तर मालाच्या वजनाच्या नऊपट जोर सोसेल अशा बेताने ती बनवलेली असते. मागे काय भरलंय ते कळल्यावर मी त्या जाळीकडे वळून बघतो. रबरी चपला असल्या तर निवांत असतो, मोटारींचे गिअरबॉक्स असले तर जाळीच्या कड्या स्वतः ओढून बघतो.

माल चढवताना शेपटीखाली एक दांडा लावतात. मागे वजन जास्त झालं तर विमान मागच्या मागे बसेल आणि नाक वर करून आभाळाकडे बघत राहील, म्हणून. एवढं मोठं यंत्र, आणि जमिनीवर त्याचा तोल एका दांड्याच्या भरवशावर! निघण्याआधी तो काढलाय की नाही हे मी बघतो, सहवैमानिक बघतो, खालचा माणूस बघतो, आणि तरी तिघांनाही पुन्हा बघावंसं वाटतं.

हे सगळं आत्याला समजावणं अशक्य आहे. तिची लेक नागपूरला असते आणि मी नागपूरला जातो, म्हणजे हिशेब सरळच झाला. ‘विमान रिकामंच जातं ना? एवढी कुर्डयांची पिशवी टाक मागे.’ मी तिला लोडशीट समजावलं. प्रत्येक नगाचं वजन, तो कुठे ठेवलाय, त्यावरून काढलेला विमानाचा तोल, सगळं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘बरं, मग दोनच किलो दे.’ सगळा माल एक्स-रेतून जातो असं सांगितल्यावर मात्र ती दुखावली. तिच्या कुर्डयांवर आजवर कुणी संशय घेतला नव्हता.

उड्डाणाआधी कॅप्टनच्या हातात एक कागद येतो, त्याला आम्ही नोटॉक म्हणतो. मागे काय काय जपून न्यायचंय, त्याची ती यादी. कोरडा बर्फ, लिथियमच्या बॅटऱ्या, कधी किरणोत्सारी औषध. या शेवटच्या पाहुण्याला सगळ्यात जास्त घाई. तपासणीसाठी लागणाऱ्या औषधाचं मूळ, मॉलिब्डेनम-99, दर 66 तासांनी निम्मं होतं. साठवून ठेवता येत नाही, गोदामात पडलं तर नुसतं झिजत जातं. हे मी एकदा आईला कौतुकाने सांगायला गेलो. तिने एवढंच विचारलं, ‘आणि ते तुझ्या पाठीमागे ठेवतात?’ त्यानंतर महिनाभर मला सकाळ-संध्याकाळ हळदीचं दूध होतं.

कधी त्या यादीत मृतदेहही असतो. खाण्याच्या वस्तूंजवळ तो ठेवत नाहीत, एवढा नियम. पण त्या रात्री माझा सहवैमानिक, जो एरवी मुंबईपासून नागपूरपर्यंत क्रिकेट लावून धरतो, तो आपोआप हळू बोलतो.

सगळ्यात आवडती सवारी म्हणजे एक दिवसाची कोंबडीची पिल्लं. भोकाभोकांची पुठ्ठ्याची खोकी, एकेकात शंभर. अंड्यातल्या पिवळ्या बलकाची शिदोरी पोटात असते, म्हणून ती दोन-तीन दिवस दाण्यापाण्यावाचून तगतात. जेवण व्हेज की नॉनव्हेज हा प्रश्न नाही, आणि या प्रवाशांना तो विचारणं बरंही नाही. अंगची ऊब मात्र इतकी सोडतात की मागचं तापमान सारखं बघावं लागतं. उडताना इंजिनांच्या आवाजात काही कळत नाही. उतरून इंजिनं बंद केली, पंखे घरघरत थांबले, की सगळं विमान चिवचिवायला लागतं. विमान उतरल्यावर टाळ्या वाजवणारे प्रवासी मी पाहिलेत. पण त्यांनी आधी कितीदा घड्याळात बघितलेलं असतं, तेही पाहिलंय.

मध्यरात्री नागपूरला उतरलो की मला थोडा गर्व होतो. टपाल विमानात फार आधीच शिरलं. 1911 साली अलाहाबादहून हेन्री पेके नावाच्या फ्रेंच वैमानिकाने सुमारे साडेसहा हजार पत्रं यमुनेपलीकडे नैनीला नेली. 1932 च्या ऑक्टोबरात जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. अहमदाबादला त्यांच्या विमानाचं पेट्रोल बैलगाडीतून आलं होतं. आणि 1949 साली, रफी अहमद किडवई दळणवळण मंत्री असताना, दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून चार विमानं रोज रात्री टपाल घेऊन याच नागपूरला यायची, थैल्यांची अदलाबदल करायची आणि आपापल्या गावी परतायची. अमेरिकेत फेडेक्सने मेम्फिसला हाच खेळ 1973 साली मांडला आणि जगभर व्यवस्थापनाच्या वर्गांत तो शिकवला गेला. नागपूरकरांनी त्याबद्दल फारसा गवगवा केला नाही. करतील तरी कधी, रात्री सगळे झोपलेले.

झोपेचंच म्हणाल तर पहाटे दोन ते सहा या वेळेत माणसाचं शरीर तळ गाठतं, हे आमच्या ड्यूटीच्या नियमांतही मान्य केलेलं आहे. नेमकी तीच माझी ऑफिसची वेळ. सकाळी घरी येऊन पडदे ओढतो, आणि ठाण्यातली आमची सोसायटी कामाला लागते. वरच्या मजल्यावर मिक्सर, खाली भंगारवाला, शेजारी ड्रिल मशीन. ढगांतून सुखरूप खाली येणारा मी दुपारी बाराला एका ड्रिलपुढे हात टेकतो.

मध्यंतरी बायकोने नवा प्रेशर कुकर मागवला. अ‍ॅपवर तो नागपूरच्या गोदामातून निघाल्याचं दिसत होतं. वेळ जुळवून पाहिली तर तो माझ्याच विमानात असणार. मी तिला अभिमानाने म्हणालो, ‘तुझा कुकर मी स्वतः आणलाय.’ ‘मग घेऊन का नाही आलात?’ याला उत्तर नव्हतं. नागपूर ते मुंबई आम्ही दोघांनी दोन तासांच्या आत कापलं होतं. मुंबईचा विमानतळ ते ठाणे यासाठी कुकरने तीन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी बायको कामावरून आल्या आल्या फोन माझ्यासमोर धरून उभी राहिली. अ‍ॅपवर आलं होतं, ‘पार्सल परत नेले. ग्राहक घरी नव्हते.’

ग्राहक घरीच होते. कानात बोळे घालून झोपले होते.