महानायकाचा पोशाख

टिम बर्टनने १९८९ साली बॅटमॅनला चढविलेले चिलखत उत्तम की क्रिस्टोफर नोलनने २००५ साली नव्याने बेतलेले, ह्या तंट्यावर अकोल्याच्या टपरीवर चहाचे कप निवून जातात. परंतु अंगावर चिंध्या, मस्तकी गाडगे, एका कानात कवडी, दुसऱ्यात बांगडीची काच आणि हाती खराटा, हा अमरावती जिल्ह्यातील शेंडगावच्या डेबूजींचा, म्हणजेच संत गाडगेबाबांचा, सरंजाम राजदत्तांनी ‘देवकीनंदन गोपाला’त (१९७७) डॉ. श्रीराम लागूंना आणि नीलेश जळमकरांनी ‘डेबू’त (२०१०) मोहन जोशींना दिला, ह्याची दाद कोणी घेत नाही. शिंप्याचे एवढे नुकसान करणारा महानायक विरळाच! माझा कौल लागूंना. त्यांच्या चित्रपटाचा खेळ सुटला तेव्हा खुर्च्यांखाली शेंगांची टरफले घोटाभर होती, आणि खराटा पडद्यावरच राहिला होता.