दुरुस्तीकाका

२७ जूनला सकाळी आमच्या आर. डी. बर्मनच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी एवढंच लिहिलं, 'आज पंचमचा वाढदिवस!' आणि खाली एक केक चिकटवला. तो कुणाच्या नजरेस पडायच्या आत दुरुस्तीकाकांचं उत्तर हजर. 'ते ४ जानेवारी १९९४ला गेले. गेलेल्या माणसाची जयंती असते, वाढदिवस नव्हे. शिवाय पंचम काय? एका बाकावर बसायचात का? पंचमदा म्हणा.'

असे एक काका प्रत्येक ग्रुपच्या वाट्याला येतातच. कुठे क्रिकेटचे, कुठे नाट्यसंगीताचे. आमचे बँकेतून निवृत्त झालेत, त्यामुळे दुसऱ्याच्या हिशेबातली चूक सापडल्याशिवाय त्यांना सकाळचा चहा गोड लागत नाही. कुणी म्हणालं, 'शोले'तलं ते गाणं पंचमदा काय गायलेत! की काका लगेच, 'गाणं राहू द्या, अर्धवट भरलेल्या बाटल्यांत फुंकर मारून काढलेला आवाज ऐकलात का?' ऐकला म्हणावं, तर कुणी फुंकल्या त्याची तोंडी परीक्षा. अडखळलात, की 'जुने मेसेज चाळा, मी सविस्तर सांगितलंय.' हे सविस्तर म्हणजे चौदा मिनिटांचा व्हॉइस मेसेज, मागे कुकरच्या शिट्ट्यांसकट. (मी तो दोनदा ऐकलाय. शिट्ट्या तालात आहेत.)

परवा एक नवी मुलगी आली. तिने भाबडेपणाने लिहिलं, 'दोस्ती'तलं लक्ष्मीकांत-प्यारेलालचं संगीतही सुंदर आहे. आम्ही सगळ्यांनी श्वास रोखले. काका म्हणाले, 'त्यातला माउथ ऑर्गन कुणी वाजवलाय? पंचमदांनी!' शत्रूच्या किल्ल्यातही तोफ आपलीच. मुलगी रात्रीतून 'लेफ्ट' झाली.

काकाही वर्षातून दोनदा 'लेफ्ट' होतात. आदल्या रात्री निरोपाचं लांबलचक पत्र, सकाळभर आमच्या विनवण्या, संध्याकाळी पुनरागमन. आल्या आल्या पहिलं काम, विनवण्यांमधल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढणं. मधल्या आठ तासांत मात्र ग्रुपवर नुसते गुड मॉर्निंगचे गुलाब फुलतात, आणि खोटं कशाला बोलू, करमत नाही.

गेल्या महिन्यात कोथरूडला पंचमच्या (बरं, पंचमदांच्या) गाण्यांचा कार्यक्रम होता. शेजारच्या खुर्चीवर एक मृदू आवाजाचे गृहस्थ. 'दिसतंय ना नीट? नाहीतर जागा बदलू,' म्हणाले. मध्यंतरात माझ्या चहाचे पैसेही त्यांनीच दिले. नाव विचारलं आणि माझ्या पोटात गोळा आला. तेच ते! 'यादों की बारात'मधल्या त्या गाण्याची सुरुवात पेल्यावर चमचा वाजवून केलीय, एवढं एक मला पक्कं ठाऊक. आपलीही थोडी पत राहावी म्हणून मी चहाच्या ग्लासवर चमचा टिंग केला.

काकांनी डोळे मिटले. चेहरा असा काही उजळला, की मला वाटलं, जिंकलो.

'दोन घोट पिऊन घ्या,' ते हळूच म्हणाले, 'मग सुरात येईल.'