शंभर डेसिबलची सोय

पन्नाशीच्या आसपासच्या मराठी पुरुषांच्या मैत्रीला बोलण्यापेक्षा न बोलण्याची सोय जास्त लागते, आणि ती सोय पुण्यात आजमितीला एकाच ठिकाणी धडपणे मिळते: ज्या ब्रूपबमध्ये त्या रात्री मेटल बँड वाजतो आहे, तिथे. हे माझं ठाम मत आहे. पुण्यात मतं ठामच असतात, तेव्हा त्यात काही विशेष नाही. पण ह्या मतामागे पुरावाही आहे. दोन जुने मित्र घ्या आणि त्यांना एखाद्या शांत, मंद उजेडाच्या हॉटेलात समोरासमोर बसवा. 'काय मग?' 'चाललंय.' 'तुझं?' 'आपलं चालूच.' इथे पहिला विषय संपतो. पुढे सोसायटीचं रिडेव्हलपमेंट, बिल्डर देतो म्हणाला ते जादा कार्पेट, मुलांचे परदेशातले कोर्स, आणि साखर उपाशीपोटी किती न् जेवल्यावर किती. स्टार्टर यायच्या आत दोघांची शिल्लक खलास. जे खरं विचारायचं असतं ते विचारायची हिंमत दोघांकडेही नसते, म्हणून दोघंही आपापला मोबाइल काढून त्यात काहीतरी महत्त्वाचं आलंय असा चेहरा करतात. आता ह्याच दोघांना उचलून स्पीकरच्या अलीकडच्या टेबलावर ठेवा. दीड तासात दोघांत चार वाक्यंसुद्धा होत नाहीत. माना हलतात, बिअरचे मग वर होतात, बोटाच्या खुणेने आणखी एक पिचर मागवला जातो. बाहेर पडल्यावर एक जण म्हणतो, 'मजा आली रे.' आणि ते अगदी खरं असतं.

कोणताही मोठा आवाज चालेल की, मग मेटलच कशाला, असं कुणी विचारेल. त्याचं उत्तर अहंकारात आहे. नव्वदच्या दशकात हातोहात फिरलेल्या कॅसेटींवर वाढलेल्या आमच्या पिढीने मेटल ऐकलं ते प्रामुख्याने शेजारचे ऐकत नव्हते म्हणून. तो वेगळेपणा अजून उतरलेला नाही, फक्त त्याचा टी-शर्ट दोन साइझने वाढला आहे. डेथ मेटल बँडांची नावं मुळात वाचता येऊ नयेत अशाच बेताने, सगळी अक्षरं एकमेकांत गुंतवून काढलेली असतात. विशीतल्या पोराच्या छातीवर तो गुंता गूढ दिसतो. आमच्या पोटावर ताणला गेला की त्यातलं प्रत्येक अक्षर सुटं होऊन लांबूनही स्वच्छ वाचता येतं. आयर्न मेडन हा बँड १७ मार्च २००७ला बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर वाजला, तेव्हा आपण तिथे होतो असं सांगणारे जितके लोक एकट्या पुण्यात भेटतात, तितके त्या मैदानात मावले कसे हा प्रश्न विचारायचा नसतो. शिवाय आम्हाला घराणी आहेत. थ्रॅश, डेथ, ब्लॅक, डूम. प्रत्येकाची गायकी वेगळी, प्रत्येकाचे कट्टर वेगळे, आणि दुसऱ्याच्या घराण्याबद्दलचा तुच्छभाव मात्र सगळ्यांचा एक. डूम आणि डेथ ह्यांतला फरक समोरच्याला समजावून सांगायची माझी तयारी इतकी दांडगी आहे, की ऐन वेळी त्याला माझं काही ऐकू येत नाही, ही मेटलने त्याच्यावर केलेली कृपाच म्हणायची.

गप्पच बसायचं तर सवाई गंधर्व महोत्सव काय वाईट, हा आक्षेप जास्त भारदस्त आहे, कारण तो घेणारी माणसं भारदस्त असतात. भीमसेन जोशींनी १९५३मध्ये गुरूच्या स्मरणार्थ सुरू केलेला तो उत्सव थोरच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण तिथलं गप्प बसणं जबाबदारीचं असतं. सम कुठे आली ते कळावं लागतं, मान त्याच क्षणी डोलावी लागते, आणि दाद अर्धी मात्रा आधी गेली तर पुढच्या रांगेतले काका वळून पाहतात. मेटलच्या गर्दीत अशी तपासणी नसते. कॉर्नेल विद्यापीठातल्या भौतिकशास्त्रज्ञांनी मॉश पिटमधल्या, म्हणजे मंचासमोर एकमेकांवर आदळणाऱ्या, गर्दीचे व्हिडिओ अभ्यासले आणि २०१३मध्ये शोधनिबंध लिहिला: ही माणसं बंद डब्यातल्या वायूच्या रेणूंसारखी वागतात. रेणूला चुकीच्या जागी मान हलवल्याबद्दल कुणी बोलत नाही. पडलाच, तर बाजूचे दोघं काखेत हात घालून त्याला उभं करतात, हे मात्र वायूच्या नियमांत बसत नाही.

'हा गोंगाट आपल्या संस्कृतीत बसतो का?' ह्या प्रश्नाला मी फार वेळ देणार नाही. ज्या शहरात जुलै उजाडला की नदीपात्रात ढोल-ताशांचा सराव सुरू होतो, आणि विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर सीओईपी ह्या अभियांत्रिकी संस्थेचे विद्यार्थी आवाजाची मोजणी करतात तेव्हा आकडा शंभर डेसिबलच्या पुढे गेल्याच्या बातम्या येतात, त्या शहराने मोठ्या आवाजाला परका म्हणणं म्हणजे कमालच. परकी आहे ती फक्त इलेक्ट्रिक गिटार.

खरा प्रश्न खाण्याचा आहे, आणि इथे मी जरा ऐसपैस बसणार आहे. अशा आवाजात जेवण काय जाणार, असं खाण्यावर प्रेम करणारी माणसं म्हणतात आणि मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पुण्यात २००९मध्ये डूलाली ही ब्रुअरी सुरू झाली, मग कोरेगाव पार्क, मुंढवा, बाणेर असं करत तांब्या-स्टीलच्या टाक्या शहरभर पसरल्या, आणि एका पिढीला पहिल्यांदा कळलं की बिअर बाटलीत जन्माला येत नाही. गव्हाच्या जर्मन धाटणीच्या बिअरला तिच्या यीस्टमुळे केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. म्हणजे लहानपणी फुकट मिळणारं शिकरण नाकारणारी माणसं आता त्याच वासासाठी सर्व्हिस चार्जसकट पैसे मोजतात. तर मुद्दा असा, की आवाजाने जेवण बिघडत नाही, बदलतं. कॉर्नेलमध्येच २०१५मध्ये एक प्रयोग झाला: लोकांना हेडफोनमधून विमानाच्या आतला आवाज, सुमारे ८५ डेसिबल, ऐकवत चवी ओळखायला लावल्या. गोड मंदावलं आणि उमामी, म्हणजे मांस, मशरूम, टोमॅटो, मुरलेलं चीज ह्यांत असते ती भरीव चव, वाढली. त्याआधीच्या एका ब्रिटिश प्रयोगात गोंगाटात मीठ आणि साखर दोन्ही कमी भासली, पण कुरकुरीतपणा जास्त जाणवला. ह्यातून मेन्यूकार्ड कसं वाचायचं ते आपोआप ठरतं. मेटलच्या रात्री चीजकेक मागवणं म्हणजे पैसे पाण्यात. पनीर माखनवाला ह्या आधीच गोडसर पदार्थाचं तर काहीच उरणार नाही. उलट एरवी साधारण वाटणारा पातळ, कडक पिझ्झा, त्यावर टोमॅटो, चीज आणि मशरूम, हा त्या आवाजात आपल्या किमतीला जागतो. तळलेला बोंबील मागवावा, त्याचा रवा दातांखाली वाजतो. रश्शाच्या भानगडीत पडू नये. डबल किक ड्रम सुरू झाला की वाटीतली तर्री थरथरायला लागते आणि नजर मंचावरून तिच्याकडे वळते. मेटलवाल्यांना खाण्यातलं कळत नाही असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी मुंबईचा साहिल माखिजा पुरेसा आहे: डिमॉनिक रिझरेक्शन ह्या मेटल बँडमध्ये घसा फाटेस्तोवर गाणारा हा माणूस 'हेडबँगर्स किचन' नावाने पाककृती शिकवतो, त्याही अत्यंत शांत आवाजात. आयर्न मेडनने २०१३मध्ये इंग्लंडमधल्या एका जुन्या ब्रुअरीबरोबर स्वतःची 'ट्रूपर' ही बिअर बाजारात आणली. आणि फ्रान्समधल्या दोन बारमध्ये झालेल्या २००८च्या एका अभ्यासात, संगीत ७२ डेसिबलवरून ८८वर नेलं तेव्हा तरुण पुरुषांनी बिअर जास्त मागवली आणि लवकर संपवली. इतकं असूनही आमच्याकडचे मालक शनिवार बॉलिवूडला देतात आणि मेटलला बुधवार. दुसऱ्या दिवशी दहाला मीटिंग असणाऱ्या माणसाने बुधवारी रात्री मान किती हलवावी ह्याचा विचार कुणी करत नाही, ह्याची मला मनापासून चीड आहे.

मानेचा विषय निघालाच आहे. ह्या वयात हे शोभतं का, झेपतं का, असं घरचे विचारतात. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने २००८च्या नाताळ अंकात ह्याचा शास्त्रोक्त विचार केला आहे. दोन ऑस्ट्रेलियन संशोधकांनी गाण्यांचा सरासरी वेग मिनिटाला १४६ ठोके धरला आणि असा निष्कर्ष काढला की त्या वेगात मान ७५ अंशांहून जास्त झुलली तर इजा संभवते. उपाय: कमी झुलवा, दर दुसऱ्या ठोक्याला झुलवा, किंवा मानेला पट्टा लावा. आमच्यातल्या निम्म्यांकडे पट्टा घरात आहेच. उरलेल्यांची मान स्पॉन्डिलायटिसमुळे ७५ अंशांपर्यंत पोचतच नाही, तेव्हा निसर्गानेच आम्हाला सुरक्षित केलं आहे. शोभण्याबद्दल बोलायचं तर पोट ओढून घेतलेलं दिसू नये इतका अंधार तिथे असतो.

मेटल हे संगीतच मुळात न बोललेल्या दुखण्यातून निघालं, हा माझा शेवटून दुसरा पुरावा. बर्मिंगहॅममध्ये १९६५मध्ये सतरा वर्षांचा टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यातल्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी यंत्रावर उभा होता. त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं त्यात गेली. तो डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, हलक्या तारा लावल्या, पुढे त्या सैल करून सूर खाली नेला, आणि त्याच्या ब्लॅक सबाथ ह्या बँडचा तो जड, खोल आवाज घडला. कामगारवस्तीतल्या त्या पोराने 'मला दुखतंय' असं कुणाला बसून सांगितलं असेल असं वाटत नाही. आमच्याकडेही नाही सांगत. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी नोकरी जाते आणि माणूस 'सध्या कन्सल्टिंग करतोय' म्हणतो. बायकोच्या रिपोर्टबद्दल विचारलं तर 'बघू, पुढच्या आठवड्यात कळेल' एवढंच. वडील गेल्यावर मित्र दहाव्याला येतात, खांद्यावर हात ठेवतात, 'काही लागलं तर सांग' म्हणतात. काहीही लागलं तरी सांगायचं नाही हे दोघांनाही पाठ असतं. बायका असल्या गोष्टी फोनवर भाजी निवडता निवडता बोलतात आणि मोकळ्या होतात. त्यांना ड्रमची गरज लागत नाही, म्हणून ही सगळी यातायात पुरुषांची. शांत ठिकाणी हे बोलायचं तर समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहावं लागतं, त्याला उत्तर द्यावं लागतं, आणि दोघंही अवघडतात. नुसती शांतता तर त्याहून वाईट, ती सारखी विचारत राहते. शंभर डेसिबलमध्ये मात्र एखादा मित्र सोलो चालू असताना मंचाकडेच बघत बोलून जातो, 'आईचं आता काही खरं नाही रे.' दुसरा ओरडतो, 'काय?' पहिला म्हणतो, 'काही नाही, पिझ्झा सांग.' सांगून झालेलं असतं. उत्तराचं ओझं कुणावर पडलेलं नसतं.

राहिला कानांचा आक्षेप, आणि तो सगळ्यांत बळकट आहे. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेच्या हिशेबाने ८५ डेसिबल आठ तास चालतं, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. शंभरला पंधरा मिनिटं. बँड पंधरा मिनिटांत थांबत नाही, काही डूम बँडांचं तेवढ्यात पहिलं गाणंही होत नाही. तेव्हा इअरप्लग घालायला हवेत, ह्यावर डॉक्टर आणि मी सहमत आहोत. त्याने काळ्या टी-शर्टचा रुबाब थोडा उतरतो, पण अडचण ती नाही. अडचण अशी, की फार मोठ्या आवाजात, ज्याचे कान मुळात धड आहेत त्याला, इअरप्लग घातल्यावर शेजारच्याचं बोलणं कमी नव्हे तर अधिक स्पष्ट ऐकू येतं, कारण कानावरचा भार हलका होतो. म्हणजे माझा सगळा युक्तिवाद फोमच्या दोन तुकड्यांनी आडवा होतो. ह्यावर मला एकच तोड सुचते. इअरप्लग जरूर घाला, पण कातडीच्या रंगाचे घ्या, मित्राला कळू देऊ नका, आणि तो काही बोललाच तर नेहमीसारखं मोठ्याने 'काय?' म्हणा.