माल्टावाले सर

मे महिन्यात दुपारी साडेबाराला सेनगावच्या बसस्टँडसमोर माणूस दिसला, तर तो एक तर लग्नाच्या पत्रिका वाटायला निघालेला असतो, नाही तर त्याची बस चुकलेली असते. कुत्रीसुद्धा उभ्या एसटीखाली शिरलेली असतात. अशा वेळी आमचे माल्टावाले सर हॉटेलच्या बाकावर डोक्याला ओला रुमाल बांधून बसतात, मोबाईलवर वाळूत पसरलेले गोरे लोक बघतात आणि आम्हाला सांगतात, “तिथं वर्षाला तीन हजार तास ऊन असतंय. लोक पैसे मोजून ऊन खायला येतात.”

आमच्या उन्हाला आजवर कुणी चहासुद्धा पाजला नाही.

सर जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवायचे. तीस वर्षं त्यांनी भूमध्य समुद्र भिंतीवरच्या नकाशात छडीच्या टोकानं दाखवला. त्या नकाशात माल्टा म्हणजे माशी बसल्याएवढा ठिपका. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी तो खरोखर माशी समजून रुमालानं झटकला होता. सरांच्या मनात माल्टा तेव्हापासून बसला असावा, असा माझा अंदाज आहे. निवृत्तीच्या समारंभात शाल, श्रीफळ घेऊन ते उभे राहिले आणि भाषणात म्हणाले, “उरलेलं आयुष्य मी माल्ट्यात घालवणार.” मागच्या रांगेतल्यांना वाटलं, सरांनी मळ्यात म्हटलं. त्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या.

माहिती मात्र पक्की. माल्टा 316 चौरस किलोमीटर, आपला हिंगोली जिल्हा साडेचार हजारांच्या वर, म्हणजे एका जिल्ह्यात चौदा माल्टे बसतात. “आणि तरी दवाखान्याला नांदेड गाठावं लागतंय,” बाकावरून कुणीतरी म्हणतं. 1964 ला स्वातंत्र्य, 2004 ला युरोपीय संघात, इंग्रजी सरकारी भाषा, गाड्या डाव्या बाजूनं. या शेवटच्या मुद्द्यावर बाक गंभीर होतो. एकाच बाजूनं गाडी चालवायची सवय या वयात कशी लागायची?

“अन् नदी कोणती हाय तिथं?” एकानं विचारलं.

“नदी नाही.”

“मग टँकर कव्हा येतो?”

समुद्राचं पाणी गोड करून नळाला सोडतात, हे सरांनी खडूशिवाय जमेल तेवढं समजावलं. ऐकणाऱ्यानं बराच वेळ विचार केला आणि म्हणाला, “येलदरीचं धरण बरं.”

माल्टा नाहीच जमलं तर सायप्रस, असाही एक बेत आहे. त्यालाही सरांकडे दाखला असतो. 1878 साली इंग्रजांनी मुंबईहून सुमारे सात हजार हिंदी शिपाई माल्ट्याला नेले आणि त्यातल्या काहींना पुढं सायप्रसला धाडलं. म्हणजे वाट आपल्याच लोकांनी पाडलेली! पण सायप्रसचा विषय निघाला की सर जरा चाचरतात. त्या बेटाच्या मधोमध 1974 पासून बांध पडलेला आहे आणि बांधावर संयुक्त राष्ट्रांचे शिपाई बसलेले आहेत. सरांचा स्वतःचा, सख्ख्या भावाबरोबरचा बांध अजून मोजणीत अडकलाय. एक बांध सोडून दुसऱ्या बांधावर जायचं त्यांच्या जिवावर येतं.

पैशाचा हिशेब मी एकदा त्यांच्यासमोर मांडला. त्याचा मला अजून पस्तावा होतो. निवृत्तांसाठी माल्ट्याची जी योजना आहे, तिच्यात वर्षाला कमीत कमी 7,500 युरो कर भरावा लागतो. युरो नव्वद रुपयांचा धरला तरी पावणेसात लाख. सरांची पेन्शन महिन्याला पंचेचाळीस हजार, म्हणजे वर्षाची पाच लाख चाळीस हजार. सगळी पेन्शन करात घातली तरी सव्वा लाखावर बाकी निघते, आणि घरभाडं, भाकरी अजून लांबच. सरांनी कागद दोनदा उलटसुलट केला. “हातचा चुकला असंल तुमचा,” म्हणाले.

शिवाय सोबतच्या अवलंबित माणसामागे 500 युरो वेगळे. म्हणजे नेमकी एका महिन्याची पेन्शन. काकूंना हे कळलं तेव्हा त्या अंगणात हळकुंडं निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “माझे पाचशे वाचवा. तुम्ही जाऊन या. जाताना गॅसचा नंबर लावून जा.”

वर्षातले सरासरी नव्वद दिवस तिथं राहण्याची अटही आहे. सर पुण्याला मुलाकडे नऊ दिवस टिकले होते. लिफ्टमध्ये कुणी ‘कुठले तुम्ही?’ म्हणून विचारत नाही, ही त्यांची तक्रार. मग माल्ट्यात कोण विचारणार, असं मी म्हटलं, तर म्हणाले, “तिथं कुणी ओळखतच नाही, तर वाईट कशाचं वाटंल? पुण्यात पोरगं ओळखतंय.” यावर मी चहाच मागवला.

त्यांना एकदाच निरुत्तर झालेलं पाहिलं. “परमुलखात राहणं म्हणजे काय मोठं? नामदेव महाराज आपल्या नर्सीचे, पंजाबात घुमानला जाऊन राहिले!” असं ते म्हणाले. कोपऱ्यातल्या वारकरी आजोबांनी तंबाखू मळता मळता विचारलं, “ते भजन सांगाया गेले होते. तुम्ही कायला चाललात?” सरांनी रुमाल सोडला, झटकला, परत बांधला.

पासपोर्ट मात्र काढलाय. प्लॅस्टिकच्या पिशवीत, सातबाऱ्याच्या खाली.

परवा नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला देऊन आले. अंगठा मशिनवर चौथ्यांदा उमटला म्हणून खुशीत होते. “चला, वर्षभर जिवंत असल्याचं सरकारनं मान्य केलं,” बाकावर बसत म्हणाले, “आता माल्ट्याला जायला मोकळा.”

“मग कव्हा निघताय?”

सरांनी आभाळाकडं पाहिलं. “हरभऱ्याला एक पाणी देतो,” म्हणाले, “अन् लाइट रात्रीची असंल तर दोन दिवस धरा.”