डुइसबुर्गचा माल, घोडनदीची मोटर

मला चारचाकी चालवता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सगळं समजायला सोपं जाईल. दुचाकी येते, पण तीही अशी, की रस्ता मोकळा दिसला तरी मी दोन्ही पाय जमिनीला टेकवून आधी चारी दिशांना बघून घेतो, आणि नगर रोड ओलांडायचा म्हटला की सरळ खाली उतरून स्कूटर हाताने ढकलत नेतो. असा हा मी रोज संध्याकाळी रॉटरडॅमच्या बंदरात यंत्रांचे सुटे भाग भरतो आणि लांबलचक ट्रेलर घेऊन जर्मनीत डुइसबुर्गला निघतो. चहाचा कप डाव्या हाताला, अंगात बनियन-पायजमा आणि समोर अख्खा युरोप. कधी डोव्हरला उतरून इंग्लंडात शिरलो तर फारच बरं वाटतं, कारण तिथे वाहनं डावीकडून चालतात. तेवढाच आपला मुलूख.

‘युरो ट्रक सिम्युलेटर २’ हा गेम २०१२ साली आला. माझा कॉम्प्युटरही त्याच सुमाराचा. चिरंजीव इंजिनिअरिंगला लागले तेव्हा अभ्यासासाठी म्हणून घेतलेला, दुसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह. पुढे २०१५ साली ‘प्रोजेक्टला लागतं’ म्हणून त्यांनी त्यात जीटीएक्स ९६० नावाचं ग्राफिक्स कार्ड बसवून घेतलं. त्या प्रोजेक्टचं नाव ‘जीटीए फाइव्ह’ होतं, हे मला फार उशिरा कळलं. मग चिरंजीव हिंजवडीला नोकरीला लागले, लॅपटॉप घेऊन गेले, आणि हे धूड गच्चीवरच्या खोलीत माझ्या वाट्याला आलं. विंडोज ११ त्याच्यावर रीतसर चढत नाही आणि विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. म्हणजे कागदोपत्री आम्ही दोघंही निवृत्त.

उन्हाळ्याच्या तोंडावर तो तापायला लागला. आतला पंखा असा घोंगावायचा की खालून बायको विचारायची, ‘अहो, मिक्सर कुणी लावलाय?’ आणि त्यातच दुसरं दुखणं सुरू झालं. ट्रक डुइसबुर्गच्या वेशीवर आलेला, पाटी समोर दिसतेय, मालाला ओरखडा नाही, आणि पडदा एकदम काळा. क्षणभर सगळं चिडीचूप, मग आपला आपणच पुन्हा चालू, जणू काही झालंच नाही. मी ‘गेऽऽला!’ म्हणून ओरडायचो. आमचं घर शिरूरच्या कडेला, कंपाउंडपलीकडे ऊस, आणि आमच्या तालुक्यात अंधार पडल्यावर कुणी असं ओरडलं की लोकांच्या मनात एकच गोष्ट येते. शेजारचे गृहस्थ बॅटरी आणि काठी घेऊन धावत आले. बिबट्या नसून विंडोज आहे, हे कळल्यावर त्यांनी मला जे सुनावलं ते रास्तच होतं, कारण तो विषय आमच्याकडे थट्टेचा राहिलेला नाही. तेव्हापासून मी ओरडतो, पण खिडकी लावून.

तापमान दाखवणारा प्रोग्रॅम मुलाने लांबूनच बसवून दिला. त्यात आकडा शंभरीला टेकायला आलेला. मुलगा फोनवर म्हणाला, ‘बाबा, साफ केलाय का कधी?’

‘रोज फडकं मारतो.’

‘आतून, बाबा!’

आतून असतं, हे मला खरंच सुचलं नव्हतं. बाजूचा पत्रा काढला तर प्रोसेसरवरच्या पंख्याखाली ॲल्युमिनियमच्या ज्या पातळ पाकळ्या असतात त्यांच्यामध्ये फटच दिसेना. काळपट राखाडी असा एक जाड थर बसलेला. चिमटीत धरून ओढला तर अख्खा पट्टाच्या पट्टा निघून आला, आणि बोटांना जे लागलं ते मी लगेच ओळखलं. ऊस तुटून गेला की फडातलं पाचट पेटवतात. मग काळी काजळी हवेत तरंगत येते, अंगणात, पाण्याच्या हौदावर, वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरींवर. तिकडे जाळ दिसला की बायको पळत जाऊन दोरीवरचे कपडे काढते. कॉम्प्युटर कुणी काढलाच नाही. इतकी वर्षं आजूबाजूच्या फडांची राख खाऊन तो बिचारा मला युरोप दाखवत होता.

मी रंगाचा ब्रश घेऊन पाकळ्या झाडल्या, आणि हात लागलाच आहे तर पेस्टही बदलून टाकू म्हणून पंखा उपसला. प्रोसेसरचा पत्रा आणि वरचं ॲल्युमिनियम डोळ्यांना सपाट दिसले तरी त्यांच्यात बारीक खड्डे असतात, त्यांत हवा अडकते आणि हवेतून उष्णता लवकर पुढे सरकत नाही, म्हणून मध्ये पेस्ट लावायची, एवढं मला मुलाने समजावलं होतं. किती लावायची, तेवढं ऐकायच्या आधी मी फोन ठेवला. पुरणपोळीवर तूप सोडतात तशी मी ती सढळ हाताने सोडली. पंखा चार प्लास्टिकच्या खुंट्यांवर बसतो आणि प्रत्येक खुंटी ‘कट्’ असा आवाज करून आत जावी लागते. मला दोन आवाज आले. उरलेले दोन बाहेर येऊन गेलेल्या मोटरसायकलचे असावेत. कॉम्प्युटर चालू केला, आकडा ओळीने वर चढत गेला आणि मशीन ठार बंद पडलं.

दुकानातल्या पोराने सगळं खोलून पुसून काढलं. ‘काका, तांदळाच्या दाण्याएवढी बास असते,’ तो म्हणाला. त्याने खुंट्या बसवल्या, चार वेळा ‘कट्’ झालं, आणि मी मान डोलावली, जणू परीक्षक मीच होतो.

पण उन्हाळा चढत होता. पंखा फार तर खोलीतल्या हवेइतकं गार करू शकतो, त्याहून खाली नाही, आणि गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीतली हवा दुपारी चाळिशीच्या पुढे असते. म्हणून मी खालच्या खोलीतला कूलर वर नेऊन कॉम्प्युटरसमोर लावला. बायको त्या रात्री पुठ्ठ्याने वारा घेत झोपली आणि सकाळी एवढंच म्हणाली, ‘त्याला सर्दी होईल.’ कूलरच्या दमट वाऱ्याने विजेच्या वस्तूचं भलं होत नाही, हे तिला शाळेत कुणी शिकवलं होतं कुणास ठाऊक, पण मी कूलर मुकाट्याने खाली आणला. मग डब्याला आणखी दोन पंखे विकत घेतले. आता पंखे कसे बसवायचे, हा प्रश्न. दौंडला माझा मेहुणा असतो, रेल्वेत, विजेच्या खात्यात. त्याला फोन लावला. तो म्हणाला, ‘दाजी, मागचा पंखा गरम हवा बाहेर फेकणारा पाहिजे. आमच्याकडे मनमाडकडून आलेली गाडी पुण्याला न्यायची तर इंजिन या टोकाचं काढून त्या टोकाला लावायचो, कॉर्ड लाइन व्हायच्या आधी. तसं तोंड बघून लावा.’ मला त्यातलं इंजिन फार आवडलं. त्या नादात मी दोन्ही पंख्यांची तोंडं आत केली. चौकटीवर हवेच्या दिशेचा बारीक बाण असतो, हे चष्मा लावल्यावर दिसलं. पुन्हा पोरगा आला. आकडा सत्तरच्या आत आला, मी पेढे आणले, रॉटरडॅमला माल भरला, डुइसबुर्गची पाटी दिसली.

पडदा काळा.

‘काका,’ पोरगा पेढा खात म्हणाला, ‘तापून मेलेलं मशीन जागेवर बंद पडतं. तुमचं मरून लगेच उठतंय. हा रोग वेगळा आहे.’ एवढे दिवस मी एका आजाराची औषधं दुसऱ्याला पाजत होतो. त्याने विंडोजमधली ‘आपोआप रीस्टार्ट’ची खूण काढून टाकली, म्हणजे विंडोजचा दोष असला तर निळा पडदा थांबून राहील. निळा पडदा कधी आलाच नाही. विंडोजची स्वतःची नोंदवही असते, तीत प्रत्येक मृत्यूपुढे कर्नल-पॉवर ४१ असा शेरा होता. त्याचा अर्थ असा, की नीट बंद न होता कॉम्प्युटर पुन्हा चालू झाला. म्हणजे मेला, कारण जगायचा थांबला. मग रॅम काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने घासले. हा इलाज आपल्याकडे प्रत्येक दुकानात करतात आणि बऱ्याचदा लागूही पडतो. मी घासला तेव्हा खोडरबराचा चुरा खाचेत पडला आणि मशीन नुसतंच ‘पीऽप पीऽप’ करत बसलं.

शेवटी मेहुणा म्हणाला, ‘घेऊन या इकडे, मीटर लावून बघतो.’ यूपीएस फार जड, म्हणून तो घरीच ठेवला. कॉम्प्युटरचा डबा जुन्या चादरीत गाठोड्यासारखा बांधला आणि न्हावऱ्यावरून चौफुल्याला जाणाऱ्या एसटीत मांडीवर घेऊन बसलो. चौफुल्याला गाडी बदलायची होती. तिथली कलाकेंद्रं सगळ्यांना माहीत आहेत, आणि चौकोनी गाठोडं छातीशी धरून मी उतरतोय म्हटल्यावर शेजारचे म्हातारबा आदराने म्हणाले, ‘मास्तर, पेटी कुठल्या पार्टीत?’ खरं काय ते सांगायला गेलो असतो तर पाटसची गाडी चुकली असती. ‘नवीन पार्टी आहे,’ असं म्हणून मी सटकलो. रात्री कार्यक्रमाला येतो, असं ते मागून म्हणत होते.

दौंडला मेहुण्याने पिवळ्या वायरीवर मीटर लावला. बाराच्या जागी अकरा पूर्णांक नऊ. ‘पाच टक्के इकडेतिकडे चालतं, सप्लाय ठीक आहे,’ तो म्हणाला. मग डबा भिंतीतल्या सॉकेटला सरळ जोडून गेम लावला आणि जेवणं झाल्यावर भाचेमंडळींनी मध्यरात्रीपर्यंत ट्रक हाकले. एकदाही पडदा काळा झाला नाही. सकाळी मी चहा पीत नुसता त्याच्याकडे बघत बसलो. मेहुणा हसून म्हणाला, ‘दाजी, याला शिरूरचं पाणी मानवत नाही.’

मी ते हवापाण्याच्या अर्थाने घेतलं. भीमाकाठी बरा राहतो आणि घोडकाठी आजारी पडतो, तर याला काही महिने इथेच ठेवावा का, असंही मी विचारून बसलो.

परत आणला, जोडला, आणि संध्याकाळी डुइसबुर्गच्या वेशीवर पुन्हा तेच. खिडकी लावायची राहिली होती. मी ओरडलो. खालून बायको समाधानाने म्हणाली, ‘झाली चालू.’

‘काय चालू झाली?’

‘मोटर. हौदातली. पाण्यात बुडलेली असते, आवाज मुळीच येत नाही. बटण दाबलं आणि तुम्ही ओरडलात की समजायचं, मोटर धरली. नाही ओरडलात तर पुन्हा दाबायचं.’

मी पायरीवर बसलो. मेहुण्याला फोन केला तेव्हा त्याला एवढं हसू आलं की त्याने फोन बायकोकडे दिला. मग त्याने समजावलं ते असं. मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सात पट करंट ओढते. वरची खोली बांधताना वायरचा खर्च वाचवायला मी मोटरची आणि कॉम्प्युटरची लाइन एकच ठेवली होती. तेवढ्या क्षणी व्होल्टेज पडतं, यूपीएस भला माणूस म्हणून लगेच बॅटरीवर जातो, आणि बॅटरी घेतल्यापासूनची, केव्हाच मेलेली. दिवे नुसते मंद होतात, पण कॉम्प्युटरचा घास जातो. पुन्हा वीज मिळाली की आपोआप चालू व्हायचं, असं चिरंजीवांनी बायोसमध्ये कधीकाळी सांगून ठेवलेलं. दौंडला ना मोटर होती, ना यूपीएस. ज्या वस्तूने कॉम्प्युटर वाचवायचा तीच त्याला मारत होती, आणि ती सोडून बाकी सगळं मी खोलून बघितलं होतं.

बारा व्होल्ट, सात अँपिअर-अवरची नवी बॅटरी बसवली. वायरमन ‘लाइन वेगळी करून देतो’ म्हणाला आहे आणि तो अजून म्हणतोच आहे. रीस्टार्ट मात्र थांबला. बायको तेवढी नाराज झाली. ‘आता मला कळायचं कसं?’ तिचा मुद्दा बिनतोड होता. मग तोड निघाली. व्होल्टेज पडलं की यूपीएस आता ‘टूंऽ’ करतो, तो ऐकून मी वरून ‘झालीऽ’ म्हणायचं.

यात एकच गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. माझी ट्रक चालवायची वेळ आणि तिची मोटरची वेळ एकच, त्यामुळे मी डुइसबुर्गला कधी पोचतच नव्हतो, आणि पोचत नसल्यामुळे गोदामात ट्रेलर उलटा लावायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. पार्किंग टाळायची सोय गेममध्ये आहे. पण त्या दिवशी मेहुणा रांजणगावच्या गणपतीला आला होता आणि माझ्या खुर्चीमागे कमरेवर हात ठेवून उभा होता. ‘येऊ द्या दाजी, येऊ द्या... अजून... डावीकडे मारा, नाही, उलटं, ट्रेलरला उलटं मारतात...’ एवढ्यात यूपीएस ‘टूंऽ’ झाला, खालून ‘अहो, झाली का चालू?’ आलं, मी मान वळवून ‘झालीऽ’ म्हणून ओरडलो आणि बोट त्याच बटणावर राहिलं. गोदामाची भिंत आली.

दंडाचा आकडा युरोत होता. मेहुण्याने मोबाइल काढून त्याचे रुपये केले आणि जिन्यातून खाली बहिणीला सांगितले. ते पैसे खरोखर भरायचे नसतात, हे मी तिला अजून पटवतोय.